पत्र्याचा पूल आणि मी भरलेले फॉर्म

माझं अक्षर चांगलं आहे. स्वतःच्या तोंडाने हे सांगणं बरं दिसत नाही, पण कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करताना साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी मला ते इतक्यांदा सांगितलं की माझाही त्यावर विश्वास बसला. खाडाखोड नाही, रकाना रिकामा नाही, सही जागच्या जागी. निवृत्त झाल्यावर या गुणाला गिऱ्हाईक उरलं नाही. बायको म्हणायची, वाण्याची यादी तरी लिहा. म्हणून काही वर्षांपूर्वी चिंचपोकळीतल्या आमच्या चाळीच्या फळ्यावर 'सर्वेक्षणासाठी स्थानिक स्वयंसेवक हवेत' असा कागद लागला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन माझा होता.

चिंचपोकळी, लालबाग, परळ आणि दादर या चार भागांचा मिळून एकच आराखडा करायचं चाललं होतं. आजवर आमच्याकडे एकेका गिरणीच्या जागेचा सुटा विचार व्हायचा. इकडे टॉवर उभा राहायचा आणि त्याच्या गाड्या, सांडपाणी, कचरा सगळं शेजारच्या गल्लीच्या अंगावर यायचं. आता इमारती किती वाढू द्यायच्या, झाडं कुठली राखायची, नाले कसे वाहते ठेवायचे, बस कुठून न्यायची आणि माणसांनी चालायचं कुठून, हे सगळं एकत्र ठरणार होतं. मला हे मनापासून पटलं. इतक्या वर्षांत कुणीतरी शहाण्यासारखं वागतंय असं वाटलं आणि त्यात आपला हात लागणार याचा आनंदही झाला.

अर्ध्या दिवसाचं शिक्षण दिलं. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची होती, नगररचना शिकून आलेली, बोलायला गोड. घरातल्या प्रत्येक माणसाने काल कुठून कुठे प्रवास केला, कशाने केला, कशासाठी केला, एवढंच विचारायचं होतं. ती दोनदा म्हणाली, "पायी गेलेलंसुद्धा लिहायचं हं, काका. ते फार महत्त्वाचं आहे." मी मान डोलावली. मान डोलावल्याचं मला लख्ख आठवतं, कारण पुढे कित्येक दिवस मला तेवढंच आठवत होतं.

आमची आणि आजूबाजूच्या तीन चाळी माझ्याकडे आल्या. दुसऱ्या कुणाला तिथे दार उघडलं गेलं नसतं. पुनर्विकासाच्या धसक्याने लोक हातात कागद घेतलेल्या कुठल्याही माणसाला बिल्डरचा माणूस समजतात. मी गेलो की मात्र चहा टाकला जायचा. मी पेन काढायचो आणि विचारायचो, "काल कुठे कुठे गेलात?"

तळमजल्यावरच्या काकी तेव्हा नुकत्याच लालबागहून आल्या होत्या. हातात ओल्या मासळीची, बांगड्यांची पिशवी, कपाळावर घाम. पिशवी मोरीत ठेवत त्या म्हणाल्या, "मी खंय जातंय रे बाबा? घराकच असतंय."

मी लिहिलं, प्रवास नाही.

पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर रोज संध्याकाळी पूल ओलांडून पलीकडच्या वाचनालयात जातात. त्यांनी दादरला ट्रेनने बहिणीकडे गेल्याचं सविस्तर सांगितलं, गाडीच्या वेळेसकट. वाचनालयाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. त्यांच्या शेजारची बाई लालबागच्या डंकावरून मसाला कुटून घेऊन नुकतीच आली होती, घरभर तिखटाचा खाट उठला होता आणि ठसका लागत असताना मी तिच्या नावापुढे 'प्रवास नाही' लिहिलं.

आता हे वाचून कुणी मला मूर्ख म्हणेल. म्हणू दे. पण आमच्याकडे चालणं हे जाण्यात धरतच नाहीत. ज्याला तिकीट लागतं, ज्यासाठी बरे कपडे घालावे लागतात, घरी 'यायला उशीर होईल' असं सांगून निघावं लागतं, ते जाणं. लालबाग आणि परळ हे चपला अडकवून व्हायचं. गिरण्यांच्या काळापासून इकडची माणसं तिकडे आणि तिकडची इकडे पायीच कामाला गेली, बाजाराला गेली, इस्पितळात गेली, आणि मध्ये रेल्वेचे रूळ आडवे आहेत हेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही, कारण रुळांवर आमचा पत्र्याचा पूल होता. वर गंजके पत्रे, दोन्हीकडे उभे जिने. तो ओलांडला की सात मिनिटांत लालबाग.

शेवटचा फॉर्म माझ्याच घराचा होता. तो मी दुपारी बसून निवांत भरला. बायको घरात नव्हती. ती लालबागला गेली होती.

इथे तिच्या बहिणीबद्दल सांगायला हवं. माझी धाकटी मेव्हणी लालबागच्या एका चाळीत एकटी राहते. नवरा गेला, मूलबाळ नाही, आणि पुढे अर्ध्या अंगावरून वारं गेलं. काठी धरून घरातल्या घरात वावरते, पण एका हाताने स्वयंपाक होत नाही. तेव्हापासून माझी बायको रोज अकरा वाजता डबा भरते आणि पूल ओलांडून तिच्याकडे जाते. दुपारचं तिथेच, संध्याकाळचं झाकून. दोन वाजता परत येते. पावसात, उन्हात, स्वतःला ताप असतानाही. आमच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी तिने पहाटे डबा पोचवला होता. 'इकडे येऊन राहा' असं आम्ही मेव्हणीला म्हटलं होतं, पण नवऱ्याची खोली सोडायला ती तयार नाही.

तर त्या दुपारी, बायको तिकडे बहिणीला जेवायला वाढत असताना, मी तिच्या नावापुढे माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, प्रवास नाही. आणि खाली सही केली.

वर्षभराने आराखड्याचा मसुदा लोकांना बघायला ठेवला. दादरच्या एका शाळेच्या सभागृहात भिंतभर नकाशे लावले होते. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. खरं सांगायचं तर मी कौतुक करून घ्यायला गेलो होतो.

काम बघून छाती दडपली. आमचा भाग एवढ्या बारकाईने कुणी कधी पाहिला नसेल. पाणी कुठे तुंबतं ते निळ्या रंगात. धूळ कुठे जास्त ते तपकिरी रंगात. झाडं एकेक करून मोजलेली, आमच्या चाळीमागचं बदामाचं झाडसुद्धा हिरव्या टिंबाने दाखवलेलं. ते टिंब सापडल्यावर मला लहान मुलासारखं हसू आलं. मग मी चालणाऱ्यांच्या नकाशापाशी आलो. तिथे बाण काढले होते. बाण जितका जाड तितकी माणसं जास्त. दादरच्या मंडईपाशी मनगटाएवढे बाण होते. परळच्या इस्पितळांकडे बोटाएवढे. मी आमचा पूल शोधत शोधत खाली आलो.

तिथे काहीच नव्हतं.

मी चष्मा पुसला. रूळ होते, इकडे आमच्या चाळी होत्या, तिकडे लालबाग होतं, आणि मधे पांढरा कागद. एक बारीकशी रेघसुद्धा नाही. शेजारी छोट्या अक्षरात लिहिलं होतं: पादचारी पूल, वापर नगण्य, काढून टाकणे प्रस्तावित. त्या जागी बससाठी जो उंचावरचा रस्ता होणार होता त्याचा एक खांब येत होता.

मला वाटलं, छपाईची चूक असणार. ती गोड बोलणारी मुलगी तिथेच होती. मी तिला हाताला धरून, अक्षरशः ओढतच, नकाशापुढे आणलं. "अहो, हे काय आहे? या पुलावर सकाळी पाय ठेवायला जागा नसते!"

ती गोंधळली. लॅपटॉपवर काहीतरी शोधलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. "काका," ती हळू म्हणाली, "पुलाजवळच्या नमुन्यात तुमच्याच चार चाळी होत्या, आणि त्यांतून पलीकडे कुणी चालत जात नाही असं आलंय. हे फॉर्म... तुम्हीच भरलेत ना?"

तिने लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे वळवला. माझंच अक्षर. प्रवास नाही. प्रवास नाही. प्रवास नाही. ती बटण दाबत पुढे जात होती आणि माझं अक्षर येतच होतं, एकही खाडाखोड नाही. काकींचा फॉर्म आला. मास्तरांचा आला. मग माझ्या घराचा आला. बसायला जागा नव्हती म्हणून मी भिंतीला टेकलो, आणि पाठ नकाशाला लागली म्हणून कुणीतरी ओरडलं.

"पण मी सांगितलं होतं ना, पायी पण लिहा म्हणून," ती म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

हरकती घ्यायला अजून तीन आठवडे होते. मी चाळीचाळींतून सह्या गोळा करायला निघालो. ज्या दारांत मी फॉर्म घेऊन उभा राहिलो होतो त्याच दारांत आता हरकतीचा कागद घेऊन उभा होतो, आणि प्रत्येक दारात लोक थक्क होत होते. काकी तर ओरडल्याच. "असो कसो बंद करतले? दिवसाक चार येळा जातंय मी थंयसून!"

"मग काकी, तेव्हा मला का नाही सांगितलंत?"

"तू खंय इचारलंस?" त्या म्हणाल्या. "तुका म्हायत नाय?"

मला माहीत होतं. सगळ्यांचं सगळं माहीत होतं. बाहेरचा कुणी अनोळखी माणूस आला असता तर त्याने अडाण्यासारखे प्रश्न विचारले असते, हातातली बांगड्यांची पिशवी कुठून आली असं विचारलं असतं, आणि आमचा पूल वाचला असता. मी घरचा म्हणून घात झाला.

बायकोला सांगायला मी दोन दिवस घेतले. ती दुपारी परत आली होती, रिकामा डबा घासत होती. मी सगळं सांगितलं, पूल, खांब, हरकत. मग नळ बंद करून तिने विचारलं, "माझ्यापुढे काय लिहिलंत?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "प्रवास नाही."

"मी कुठे होते तेव्हा?"

"लालबागला."

तिने पदराला हात पुसले. "रोज तुमच्यासमोर डबा भरते मी," ती म्हणाली. "तुमच्यासमोर चपला घालते. येते म्हणून सांगते. तुम्ही पेपरातून मान वर करून हो म्हणता." एवढंच बोलली. भांडली नाही. आमच्या संसारात भांडणं पुष्कळ झाली, पण त्या दिवसासारखी भीती मला कधी वाटली नव्हती. इतकी वर्षं ही बाई रोज कुठे जाते, काय करते, हे मला माहीत होतं आणि मी ते एकदाही पाहिलं नव्हतं. मला माझीच शिसारी आली.

सुनावणीला मी सह्यांचा गठ्ठा घेऊन गेलो. अधिकारी सभ्य होते. त्यांनी गठ्ठा उलटसुलट बघितला, मग फाइलीतून फॉर्म काढले. "ही सही तुमची?"

"हो."

"आणि या हरकतीवरची?"

"तीही माझीच."

"मग खरं काय? लोक चालतात की नाही?"

"चालतात, साहेब. पण आमच्याकडे ते कुणी सांगत नाही."

"सांगत नाही म्हणजे?" त्यांनी विचारलं. शेजारी टिपणं घेणारा माणूस लिहायचा थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिकीट, बरे कपडे, चपला अडकवणं. त्या खोलीत ते सगळं इतकं खुळचट ऐकू येत होतं की माझा आवाज बारीक होत गेला. अधिकारी म्हणाले, पूल तसाही जुना झालाय, वळसा घालून मोठा पूल आहेच, आणि माहिती गोळा करायची मुदत संपली आहे. तुमची हरकत नोंदवून घेतो. त्यांनी ती खरंच नोंदवून घेतली. मला पोच मिळाली, शिक्क्यासकट.

पुढच्या हिवाळ्यात एका सोमवारी सकाळी जिन्याच्या तोंडाशी पत्रे ठोकले; घरी आम्हाला पत्ता नव्हता. अकरा वाजता बायको डबा घेऊन गेली आणि पाच मिनिटांत परत आली. मी काही बोलायच्या आत तिने डबा दुसऱ्या हातात घेतला आणि मोठ्या पुलाकडे चालू लागली.

तो वळसा तरण्या माणसाला काही नाही. पण तिचे गुडघे कधीच गेले होते. पुलावरचा फुटपाथ खोदलेला, गाड्यांचा धूर, मधेच रस्त्यावर उतरावं लागतं. टॅक्सीवाले एवढ्याशा अंतराला मान हलवतात. बसने जायचं तर दोन्हीकडे तेवढंच चालायचं. सात मिनिटांच्या जागी पाऊण तास लागू लागला, जाताना आणि येताना. नवव्या दिवशी तिचा गुडघा नारळाएवढा सुजला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर जिना नाही, चालणं नाही, आणि त्यानंतरही असलं चालणं आता विसरा.

दुसऱ्या दिवशी ती पलंगावर पाय लांब करून बसली आणि तिथूनच मला सांगत गेली. आमटी कुठल्या कप्प्यात, भात कुठल्यात, लिंबाची फोड वेगळी ठेवा, तिला झाकण उघडता येत नाही म्हणून सैल लावा. मी डबा भरला. मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो. माझ्या हातून जे झालं त्याची थोडी भरपाई होतेय असं वाटत होतं. मेव्हणीला फोन करून सांगायचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. इतक्या वर्षांत कधी फोन करून जावं लागलंच नव्हतं.

मी धापा टाकत तिच्या दारात पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. दार उघडंच होतं. ती खुर्चीत दाराकडे तोंड करून बसली होती. तिने मला पाहिलं, माझ्या हातातली डब्याची पिशवी पाहिली, माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

तिची काठी खाली पडली.

या दारात मी असा भरदुपारी, एकटा, दोनदाच आलो होतो. एकदा तिचा नवरा गेल्याचं कळवायला आणि एकदा या दोघी बहिणींची आई गेल्याचं. माझ्या ते लक्षातही नव्हतं. तिच्या मात्र होतं. तिचं तोंड वाकडं झालं. "भावोजी," ती म्हणाली. तिने पुन्हा माझ्या मागे पाहिलं. मग, "ताई?"

"अगं, बरी आहे ती! गुडघा सुजलाय फक्त! घरी आहे!" मी ओरडलोच. तिला पटेना. ती मान हलवत राहिली, डोळ्यांतून पाणी. मी फोन काढला, दोनदा नंबर चुकला. शेवटी लागला. मी तो तिच्या कानाला धरला. पलीकडून बायकोचा आवाज आला आणि मेव्हणी लहान मुलीसारखी रडायला लागली. "तू आहेस ना? खरंच आहेस ना?" तिने किती वेळा विचारलं कुणास ठाऊक. मी फोन धरून उभा होतो. दोघी बोलत राहिल्या. उद्या येशील का, असं मेव्हणीने विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. हिने फक्त "बरं" म्हटलं.

मी काठी उचलून तिच्या हातात दिली. ताट घेतलं, डबा उघडला, लिंबाची फोड आधी बाहेर काढली. वाढायला लागलो तर तिने चांगला हात ताटावर धरला.

"भावोजी, तुम्ही उद्यापासून नका येऊ," ती म्हणाली. "जेवणाचं मी बघेन. शेजारणी आहेत, देतील दोन घास. ताई काय जेवण द्यायला यायची होय?"

खाली गल्लीत कुणीतरी भाजी विकत होतं. मी डबा झाकला आणि तिच्या हाताला लागेल असा टेबलावर ठेवला.